सात प्रश्न आणि आजींचं भेव



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. परवा कपाट आवरताना मे २०२० मधला एक कागद सापडला. माझ्याच अक्षरात सात वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकटी. पुतणीची मुलगी तेव्हा मानसशास्त्र शिकत होती. "आजोबा, हे मराठी गावात कळतं का, विचारून बघा ना," म्हणून तिनं फोनवर वाक्यं सांगितली आणि मी ती उतरवून घेतली.

हे प्रश्न आले कुठून? मार्च २०२० च्या अखेरीस, आपल्याकडे टाळेबंदी लागली त्याच सुमारास, अहोर्सू, पाकपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोनाच्या भीतीची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. इराणमधल्या ७१७ लोकांकडून ती तपासून घेतली होती. तळहाताला घाम, छातीत धडधड, झोप न लागणं, मरणाची भीती... प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. म्हणजे कमीत कमी ७, जास्तीत जास्त ३५. पुढे ती कितीतरी भाषांत गेली.

भाषांतराची रीत आम्हा मास्तरांना आवडावी अशीच आहे. एकानं मराठी करायचं. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. मग चार लोकांना वाचून दाखवून "यातून काय कळलं?" असं विचारायचं. शेवटी पुष्कळ लोकांकडून भरून घ्यायचं, आणि उत्तरं एकमेकांशी जुळतात का, काही दिवसांनी विचारलं तरी तशीच येतात का, हे गणितानं तपासायचं.

मी कागद घेऊन शेजारच्या आजींच्या ओसरीपाशी लांब बसलो. पहिल्याच शब्दाला अडलं. आमच्या कुरखेड्याकडे भीती नसते, 'भेव' असतं. घामाच्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "मे महिन्यात कोनाला घाम येत नाही, गुरुजी?" 'पूर्णपणे असहमत' ऐकून तर हसल्याच. मरणाचं भेव? "नाही." मग जरा थांबून हळूच विचारलं, "हो म्हनलं त नेतील का मले?"

तेलंगणातून मिरची तोडून परतलेल्या मजुरांना तेव्हा शाळेच्या खोल्यांत ठेवलं होतं. आजींना रोगापेक्षा नेण्याचं भेव होतं. सात प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

मी चमकलो. १८९७ चा पुण्याचा प्लेग मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. रँड, गोऱ्या सैनिकांच्या घरझडत्या, चाफेकर बंधू, २२ जूनची रात्र. मुलं तारखा पाठ करायची, मी गुण द्यायचो. लोक आजारी माणूस लपवत, कारण एकदा नेला की तो परत दिसेल याची खात्री नसे. सरकारच्या लेखी हा अडाणीपणा होता. त्यांना कसलं भेव वाटतं, हे विचारावं असं वर्गात मलाही कधी सुचलं नाही. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, तेव्हा तो धडा माझ्या दारात आला.

त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात स्वतः नेत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. नेणं तेच, पण नेणारं माणूस कोण, यावर केवढा फरक पडतो बघा!

मी स्वतःही तो कागद भरला होता. गुण आले ११. हिनं चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "मग रात्री तीनला अंगणात येरझाऱ्या कोण घालत होतं?" जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडल्या, आणि इथे मीच...

नातीला कळवलं, "शब्द बदल, आणि नेण्याचा एक प्रश्न घाल." ती म्हणाली, "आजोबा, प्रश्न वाढवला की मोजपट्टीच बदलते. मग सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं." खरं आहे तिचं. म्हणून मी आजींचा प्रश्न कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. अजून वाचता येतो.

आजी गेल्या वर्षी गेल्या. घरीच, आपल्या माणसांत.

असो. तुमच्या घरी भेवाला कोणता शब्द होता, जरूर कळवा.