काटा काय सांगतो

आवाजाच्या तंत्राचा इतिहास सांगताना डिजिटल आलं आणि चुका संपल्या, असं अनेकदा गृहीत धरलं जातं. बंगळूरच्या नभोवाणीचा प्रवास पाहिला की हे गृहीतक टिकत नाही. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसूरला 'आकाशवाणी' सुरू केली, आणि १९५५ मध्ये हे केंद्र बंगळूरला आलं. पुढची कित्येक दशकं शहराचा आवाज म्हणजे मध्यम लहरींवरचं ६१२ किलोहर्ट्झ. वाहिनी एकच, त्यामुळे अभियंत्याला मुख्यतः पातळीवर लक्ष ठेवावं लागे. दोन वाहिन्या एकमेकींशी जुळतात का, हा प्रश्नच तेव्हा नव्हता.

तो आला स्टिरिओबरोबर. ३ जुलै २००१ रोजी रेडिओ सिटीच्या रूपानं खाजगी एफएम बंगळूरमध्येच देशात प्रथम सुरू झालं. एफएम स्टिरिओची रचना मोठी हुशारीची आहे: डाव्या-उजव्या वाहिन्यांची बेरीज मुख्य भागात जाते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर. एकाच स्पीकरचा साधा संच फक्त बेरीज ऐकतो. आता स्टुडिओतल्या एका केबलीत दोन आणि तीन क्रमांकांच्या पिना उलट जोडल्या गेल्या असं समजा. दोन्ही वाहिन्यांत सारखाच असलेला निवेदकाचा आवाज बेरजेत स्वतःलाच खोडतो. संगीताचा काही भाग राहतो, माणूस मात्र गायब! दोन वाहिन्या किती जुळतात हे दाखवणाऱ्या सहसंबंध मापकाचा काटा अशा वेळी उणे एककडे झुकतो. दोन्ही वाहिन्या तंतोतंत एक असतील तर अधिक एकवर, परस्परांशी संबंध नसेल तर शून्याजवळ.

डिजिटल जोडणीत अशी चूक राहणारच नाही, हा आक्षेप मला पटत नाही. १९८५ च्या एईएस-३ मानकात प्रत्येक नमुन्याबरोबर एक वैधता-बिट जातो. नमुना अॅनालॉगमध्ये बदलायला योग्य आहे की नाही, एवढंच तो सांगतो. आधीच्या अॅनालॉग केबलीच्या टोकाला उलटलेली वाहिनी त्याच्या लेखी निर्दोष असते, आणि डिजिटल यंत्रणा ती चूक कणभरही न बिघडवता पुढे पोचवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुरलेल्या रेकॉर्डिस्टचा कान असताना काटा कशाला? कान उलट वाहिनी ओळखतो हे खरंच, पण त्यासाठी दोन स्पीकरांच्या मधोमध बसून त्याच गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं. आठ तासांच्या पाळीत ते कुणालाच जमत नाही. काट्याला मात्र सर्वाधिकार देऊ नयेत. मोकळ्या, विस्तीर्ण मांडणीत मुद्रित केलेल्या तानपुऱ्यात तो क्षणभर शून्याखाली गेला, तर मिश्रणाला हात लावण्याची गरज नसते. निवेदनाच्या वेळी तो तिथेच ठाण मांडून बसला, तर आधी केबल तपासावी.