वावर-वांगणी : पोरं मोजता, शिधाही मोजा

'एवढी पोरं काढायची आणि सरकारनं पोसायची!' जव्हार-मोखाड्याच्या आदिवासींबद्दल हे वाक्य आम्ही शिकल्या-सवरल्या माणसांकडून कितीदा ऐकलं आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं कुपोषणानं आणि आजारानं दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, मुंबईच्या अगदी कुशीत. तरी दोष आईबापांच्या माथी मारणारे आजही भेटतात.

मग हिशोबच करू. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, घरात तीन माणसं असोत की नऊ. नऊ जणांच्या घरात माणशी चार किलोही येत नाही. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. म्हणजे सर्वांत गरीब आणि सर्वांत मोठ्या घराच्या ताटात सर्वांत कमी पडतं! दिवाळीनंतर हीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा गावच्या अंगणवाडीतला आहारही सुटतो. यांना फुकटे म्हणायचं? त्यात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूकही लढता येत नाही. ज्या गावानं पोटची पोरं पुरली, त्याला हा नियम.

संततिनियमनासाठी कुणी बाबासाहेबांचा दाखला देईल. जरूर द्यावा, पण पुरता द्यावा. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. मागणी होती, सरकारनं प्रचार करावा आणि साधनं पुरवावीत. मोठ्या कुटुंबाला शिक्षा करा, असं त्यात नव्हतं. सभागृहानं तो ठराव फेटाळला.