नळ कुणी आणला? आयर्लंडच्या खेड्यांतल्या पाण्याची गोष्ट

आजचा भाग आयर्लंडचा. आयर्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवीगार कुरणं, मेंढ्या आणि पाऊस. पाऊस तर इतका की तिथली माणसं छत्रीला कंटाळतात. आता विचार करा, अशा देशातल्या खेड्यात एक बाई रोज सकाळी दोन बादल्या घेऊन झऱ्यावर जाते. स्वयंपाकाचं, धुण्याचं, पोरांच्या आंघोळीचं, गुरांचं, सगळं पाणी हाताने वाहून आणते. ही काही दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट नाही बरं का. 1946 च्या जनगणनेत आयर्लंडच्या ग्रामीण भागातल्या दर दहा घरांपैकी साधारण नऊ घरांत नळ नव्हता.

मग नळ आला कसा? सरकारने आणला? जिल्हा परिषदेने? की गावाने? गंमत म्हणजे, नळ नको म्हणणारेही बरेच होते, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. तेच आज बघू.

आधी कौन्सिल समजून घेऊ

आपल्याकडे जशी जिल्हा परिषद, तशी आयर्लंडमध्ये काउंटी कौन्सिल. ही कौन्सिलं आली 1898 च्या कायद्याने. तेव्हा आयर्लंडवर ब्रिटिशांचं राज्य होतं. त्याआधी काउंटीचे रस्ते, पूल, खर्च हे सगळं 'ग्रँड ज्युरी' नावाचं मंडळ बघायचं. नाव भारदस्त, पण आत बसलेले लोक कोण? बडे जमीनदार. निवडणूक वगैरे काही नाही. 1899 मध्ये पहिल्यांदा निवडणुका झाल्या आणि कूळ, दुकानदार, छोटे शेतकरी कौन्सिलमध्ये जाऊन बसले. जमीनदारांच्या हातातून गावचा कारभार सुटला, तो इथे.

काउंटी कौन्सिलच्या खाली ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिलं पण होती. म्हणजे साधारण आपल्या पंचायत समितीसारखी पायरी. पण देश स्वतंत्र झाल्यावर 1925 मध्ये नव्या सरकारने ती जवळपास सगळीकडे बंद केली. पुढे 1940 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीच्या रोजच्या कारभारावर एक पगारी मॅनेजर बसवला. कारभार सुटसुटीत झाला, हे खरं. पण खेड्यातल्या माणसाला 'माझ्या वाडीचं काय?' हे विचारायला जवळचं दार उरलं नाही.

ही जागा कुणी भरून काढली? जॉन हेज नावाच्या एका धर्मगुरूने. हा माणूस 1887 मध्ये लिमरिक काउंटीत जन्मला, तोही एका तात्पुरत्या झोपडीत. कारण जमीनदाराने त्याच्या आईवडिलांना घराबाहेर काढलं होतं. त्याने 1931 मध्ये 'मुइंतिर ना तीरे' ही संघटना काढली. नावाचा अर्थ साधारण 'या मातीतली माणसं'. सुरुवात शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची होती, पण 1937 पासून तिने पॅरिशवर, म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावांच्या पुंजक्यावर लक्ष दिलं. शेतकरी, मजूर, दुकानदार, शिक्षक, सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि गावाचं काम ठरवायचं. सभागृह बांधायचं, मैदान करायचं, अडल्यानडल्याला मदत करायची. कायद्याने या मंडळाला कसलाच अधिकार नव्हता. पण गावाला एकत्र बसायची सवय लागली, आणि ही सवय पुढे फार कामाला आली.

आधी वीज, मग पाणी

5 नोव्हेंबर 1946. डब्लिनच्या उत्तरेला किलसॅलहन नावाचं गाव आहे, तिथे ग्रामीण वीज योजनेचा पहिला खांब उभा राहिला. जानेवारी 1947 मध्ये शेजारच्या ओल्डटाउनमध्ये दिवे लागले.

वीज कुठल्या भागाला आधी द्यायची, हे कसं ठरायचं माहितीये? ज्या पॅरिशमधली जास्तीत जास्त घरं 'आम्ही घेतो' म्हणून सही करतील, तिचा नंबर आधी. मग गावातलीच माणसं संध्याकाळी घरोघर फिरायची, सह्या गोळा करायची. काही लोक सही करायचे आणि तारा दारात आल्यावर मागे फिरायचे. कारण काय, तर नेमाने येणारं बिल. हातात रोकड कमी होती हो. पण एक धडा सगळ्यांनी गिरवला: शेजारी तयार झाला, तरच माझं काम होणार.

जाता जाता एक सांगतो. किलसॅलहन आणि ओल्डटाउन ही गावं आज फिंगल काउंटीत येतात. याच फिंगलच्या कौन्सिलवर 2003 मध्ये एक तरुण डॉक्टर सदस्य म्हणून गेला. त्याचे वडील मूळचे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. तो म्हणजे लिओ वराडकर, 2017 मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. म्हणजे आपल्या कोकणाशी नातं असलेल्या या माणसाची राजकारणातली सुरुवात तिथल्या 'जिल्हा परिषदेतून' झाली!

बरं, पुन्हा पाण्याकडे. वीज आल्यामुळे पंप चालवणं शक्य झालं. आता नळ येणार, असं वाटत होतं. 1959 मध्ये सरकारने जाहीर केलं की ग्रामीण भागात नळाने पाणी पोहोचवायचं. मंत्री होते नील ब्लेनी. काउंटी कौन्सिलांनी मोठ्या पाणीयोजना आखायच्या, असं ठरलं.

आणि मग भांडण

विरोध कुणी केला? शेतकऱ्यांनी! त्यांची राष्ट्रीय संघटना 1955 मध्ये स्थापन झाली होती आणि चांगलीच जोरात होती. त्यांचं म्हणणं ऐका. कौन्सिल पैसे आणते कुठून? पट्टीतून. ही पट्टी घरावर लागायची तशीच शेतजमिनीवरही लागायची, आणि जमिनीची ठरलेली किंमत जितकी जास्त तितकी पट्टी जास्त. योजना मोठी झाली की पट्टी वाढणार. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आहे त्यानेही भरायची, आणि ज्याच्या घरापर्यंत पाइप पोहोचणारच नाही त्यानेही. 'आम्ही पैसे द्यायचे आणि पाणी दुसऱ्याला?' हा प्रश्न चुकीचा म्हणता येईल का? शेतीत आधीच चणचण होती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पट्टीची नोटीस यायची ती बहुतेक घरच्या पुरुषाच्या नावाने. आणि बादली कुणाच्या हातात? बाईच्या. खर्च एकाच्या खिशातून, कष्ट दुसरीच्या पाठीवर. कौन्सिलच्या बैठकीत बसलेले जवळजवळ सगळे पुरुष. त्यामुळे पट्टीचा आकडा टेबलावर यायचा, बादल्यांच्या खेपांचा हिशोब कुणी मांडायचंच नाही.

तो हिशोब मांडला आयरिश ग्रामीण महिला संघटनेने. ही संघटना 1910 पासूनची. गावोगावी तिच्या शाखा होत्या. शिवणकाम, कुक्कुटपालन, नाटक असं सगळं चालायचं. 1960 च्या सुमाराला या बायकांनी नळासाठी मोहीम उघडली. प्रदर्शनं भरवली, सभा घेतल्या. नळ, सिंक, गरम पाणी असलेलं स्वयंपाकघर दाखवलं. भाषणापेक्षा हे जास्त पटत असावं, कारण तोटी फिरवली की पाणी येतं, हे समोर दिसत होतं.

यात आणखी एक काळजी होती. 1950 च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली. 1961 च्या जनगणनेत लोकसंख्या 28 लाखांवर आली, आधुनिक काळातला सगळ्यात खालचा आकडा. जाणाऱ्यांमध्ये खेड्यातल्या तरुण मुली खूप होत्या. इंग्लंडमध्ये नर्सिंग होतं, हातात पगार होता, आणि भिंतीत नळ होता. आपल्या आईचे हात बघितलेली मुलगी शेतकऱ्याच्या घरात कशाला लग्न करून येईल? म्हणजे पट्टी वाचवायची आणि गाव रिकामं करायचं, असा तो सौदा होता. महिला संघटनेने ही गोष्ट लोकांसमोर नेटाने मांडली.

मधला रस्ता: शेजाऱ्यांची योजना

तोडगा खेड्यातूनच निघाला. विकलो काउंटीच्या मॅनर किलब्राइड परिसरात 1950 च्या दशकाच्या अखेरीस शेजाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची पाणीयोजना केली. डोंगरातलं पाणी, आपले पाइप, आपले खड्डे. पुढे ही पद्धत देशभर पसरली. तिला 'समूह पाणीयोजना' म्हणू.

ती चालायची कशी? समजा एका वाडीत तीस घरं आहेत. आधी बैठक. समिती निवडायची. मग झरा, तळं किंवा विहीर शोधायची. कौन्सिलचा इंजिनिअर येऊन पाणी पुरेल का, पाइप केवढा लागेल, हे बघणार. प्रत्येक घराने वर्गणी द्यायची. वर सरकारचं अनुदान आणि कौन्सिलचं पूरक अनुदान. ज्यांच्या शेतातून पाइप जाणार त्यांची परवानगी घ्यायची. हे सगळ्यात अवघड काम, कारण दोन घरांत बांधावरून जुनं वाकडं असलं, तर पाइपही वाकडा जाणार! आणि मग खोदकाम. पैसे कमी पडले तिथे श्रमदान.

आता बघा, यात शेतकऱ्याच्या तक्रारीलाही उत्तर होतं. ज्याला पाणी हवं तो वर्गणी देणार, नको असेल तो बाहेर राहील. आणि बाईलाही तिचा नळ मिळाला. कौन्सिल एकटी हे करू शकत नव्हती, कारण विखुरलेल्या प्रत्येक घरापर्यंत पाइप नेणं तिला परवडत नव्हतं. गाव एकटं करू शकत नव्हतं, कारण इंजिनिअर आणि अनुदान त्याच्याकडे नव्हतं. दोघांनी अर्धं अर्धं उचललं, म्हणून झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही

इथपर्यंत ऐकून वाटेल, वा, काय छान. पण पाइप टाकणं हा एका उन्हाळ्याचा उत्साह असतो. पाणी स्वच्छ ठेवणं हे रोजचं काम, आणि ते चाळीस वर्षं करायचं असतं.

मोनाहन, कॅव्हन, मेयो, गॉलवे या भागांत समूह योजना खूप. अनेक योजना तळ्यांवर अवलंबून होत्या. पुढे शेती वाढली, जनावरं वाढली, शेणाचा पातळ राडा शेतात पसरायचा आणि पावसाने तळ्यात यायचा. घरांचे सेप्टिक टँक पण जमिनीत झिरपायचे. ज्या योजनांत शुद्धीकरणाची नीट सोय नव्हती, त्यांच्या नळातून जंतू यायला लागले. समितीतले लोक वयस्कर झाले होते, बिनपगारी काम करत होते. त्यांना दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

त्यात पैशांचा अन्याय. 1978 मध्ये घरांवरची पट्टी रद्द झाली. 1983 पासून कौन्सिलं पाण्याचे वेगळे पैसे घ्यायला लागली. त्यावर शहरांत आंदोलनं झाली, आणि 1997 मध्ये सरकारने घरगुती पाणीपट्टी रद्द केली. कुणासाठी? सार्वजनिक योजनेचं पाणी घेणाऱ्यांसाठी. समूह योजनेतला खेडूत मात्र स्वतःच्या पंपाचं वीजबिल भरतच राहिला. शहराला पाणी फुकट, आणि ज्याने स्वतः खड्डे खणले त्याला विकत! यावर खेडी चिडली. त्याच वर्षी समूह योजनांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि सरकारला या योजनांच्या चालू खर्चासाठी अनुदान द्यावं लागलं.

शेवटचा दणका नोव्हेंबर 2002 मध्ये बसला. पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय जंतू सापडत होते, म्हणून युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला दोषी ठरवलं. पाइप गावाचे असले तरी पाणी शुद्ध असण्याची जबाबदारी सरकारची, असा त्याचा सरळ अर्थ. त्यानंतर खरा पैसा आला. अनेक छोट्या योजनांसाठी मिळून शुद्धीकरण केंद्रांची कंत्राटं निघाली, पाण्यावर देखरेख ठेवायचं काम कौन्सिलांकडे होतंच, ते कडक झालं.

2014 मध्ये आणखी एक बदल झाला. सार्वजनिक पाणीपुरवठा कौन्सिलांकडून काढून एका राष्ट्रीय कंपनीकडे दिला. त्याच वर्षी 80 नगर कौन्सिलं बंद झाली. नव्या कायद्याने प्रत्येक काउंटीत समुदाय विकासाची समिती आणि स्थानिक संस्थांचं एक जाळं तयार केलं, म्हणजे गावच्या मंडळांना कौन्सिलच्या टेबलावर बसायला जागा मिळाली. एक दार बंद, दुसरं अर्धं उघडं. आणि समूह योजना? त्या अजूनही आहेत. हजारो घरांत आजही शेजाऱ्यांनी निवडलेल्या समितीचं पाणी येतं.

तर नळ कुणी आणला? मला विचाराल तर पहिलं नाव त्या बायकांचं, ज्यांनी पट्टीच्या हिशोबाशेजारी बादल्यांचा हिशोब मांडला. मग खड्डे खणणाऱ्या शेजाऱ्यांचं. मग कौन्सिलच्या इंजिनिअरचं. आणि 'गावाने केलंय ना, मग गावच बघेल' असं म्हणून सरकारने हात झटकले, तेव्हा त्याच नळातून काय आलं, तेही आपण पाहिलं.

तुमच्या घरात पहिला नळ कधी आला, आणि त्याआधी पाणी कोण आणायचं, हे आज आजीला विचारा. तिचं उत्तर आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या!