डिंडोलीवरून गेलेले तेरा जण

दांडीयात्रेच्या मुक्कामांत सुरतेपुढचं नाव डिंडोलीचं. १ एप्रिल १९३० ला सुरत, २ ला डिंडोली आणि वांझ, ३ ला धामण आणि नवसारी.  आज या पट्ट्यात, उधना-लिंबायत-डिंडोलीत, खानदेशातून पोटासाठी आलेली माणसं दाट वस्तीने राहतात. त्यांच्या आधी पायी इथून गेलेल्या मराठी माणसांचा माग कागदावर मात्र सापडतो.

१२ मार्चच्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी सोबतच्यांची प्रांतवार यादी छापली. सरकारला पकडायचं असेल तर नावं तयार आहेत, असाच त्याचा अर्थ. नावं अठ्ठ्याहत्तर. गुजरातचे ३१, त्याखालोखाल महाराष्ट्राचे १३. बाई एकही नाही. तो गांधीजींचाच निर्णय होता आणि त्यावर तेव्हाही नाराजी उमटली.

या तेरांत पंडित नारायण मोरेश्वर खरे आहेत. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य १९१८ पासून साबरमतीत होते, ‘आश्रम भजनावली’ त्यांनीच जुळवली. बारा वर्षं गुजरातेत काढूनही यादीने त्यांना महाराष्ट्राच्याच रकान्यात ठेवलं, हे मला सूचक वाटतं. यात्रेच्या तोंडावर आश्रमात देवीची साथ आली. त्यात त्यांचा लहान मुलगा गेला. तरी ते निघाले, आणि वाटभर हातात तंबोरा घेऊन भजनं सांगत राहिले. डिंडोलीतही प्रार्थना झालीच असणार, कारण ती कुठल्याच मुक्कामाला चुकली नाही; पण हा माझा तर्क, नोंद नव्हे.

दांडीला ५ एप्रिलला पोचल्यावर गांधीजी बोहरा धर्मगुरूंच्या सैफी व्हिलात उतरले. दुसऱ्या दिवशी मीठ उचललं. ३० जानेवारी २०१९ ला तिथे राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. त्याच्या उभारणीत मुंबईच्या आयआयटीचा मोठा वाटा. गांधीजींखेरीज पुतळे ऐंशी आहेत, यादीतल्यापेक्षा दोन जास्त. चूक नाही ती. दोघे वाटेत सामील झाले होते.

खरे नंतर पुन्हा सुरत जिल्ह्यात आले. हरिपुरा काँग्रेसच्या गाण्याबजावण्याची तयारी करायला. १९३८ च्या फेब्रुवारीत, अधिवेशन भरण्याआधीच, तिथेच वारले.