स्पॅनिश संकेतार्थाचा जन्म

स्पॅनिश भाषा शिकूं लागलेला विद्यार्थी क्रियापदांच्या कोष्टकांनीं गांजून जातो. 'आब्लार' म्हणजे बोलणें, 'कोमेर' म्हणजे खाणें आणि 'बिबिर' म्हणजे जगणें, हे तीन धातु वर्तमानकाळीं आपापल्या वर्गाचे निरनिराळे प्रत्यय मागतात. संकेतार्थापाशीं येतांच मात्र हा त्रास संपतो. 'तो येता, तर मी बोलतों' यांतील 'बोलतों' हा अर्थ हवा असल्यास मूळ शब्दाला 'ईआ' जोडावें कीं झालें : आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. पुढें पुरुष व वचन यांप्रमाणें आब्लारीआस, आब्लारीआ, आब्लारीआमोस, आब्लारीआइस, आब्लारीआन. तिन्ही वर्गांना प्रत्यय तेच. इतका सुटसुटीतपणा भाषेला फुकट मिळत नसतो.

लॅटिनमध्यें 'तो गाईल' याला 'कान्ताबित' आणि 'त्यानें गाइलें' याला 'कान्तावित' म्हणत. लोकांच्या तोंडीं ब आणि व यांतील भेद नाहींसा झाला, तेव्हां झालेलें गाणें आणि व्हावयाचें गाणें यांत फरक उरेना. मग मूळ क्रियापदापुढें 'जवळ असणें' या अर्थाचें 'हाबेरे' ठेवण्याची चाल रूढ झाली. आपण 'मला गावयाचें आहे' म्हणतों, तसाच हा प्रकार. त्यांतून नवा भविष्यकाळ निघाला, आणि 'गावयाचें होतें' या भूतकालीन जोडणींतून संकेतार्थ. 'हाबेबाम' हें भारदस्त रूप झिजत झिजत नुसतें 'ईआ' उरलें. विद्यार्थी ज्याला प्रत्यय म्हणून घोकतो, तो एका अख्ख्या क्रियापदाचा अवशेष आहे. मागून जोडलेला शब्द सर्वांना एकच, म्हणून वर्ग तीन असूनही प्रत्यय एक.

हा सांधा एके काळीं उघडा दिसे. 'एल सिद' या वीरावरील प्राचीन काव्याच्या हस्तलिखिताच्या अखेरीस १२०७ या सालाची नोंद आहे. आल्फोन्सो राजानें हद्दपार केलेला सिद बुर्गोस शहरांत शिरतो. जो त्याला आसरा देईल त्याची मालमत्ता जाईल, डोळेही काढले जातील, असें राजाचें फर्मान तेथें आधींच पोहोंचलेलें असतें. नागरिक खिडक्यांतून पाहतात, रडतात. दार कोणी उघडीत नाहीं. अखेर नऊ वर्षांची एक मुलगी पुढें होऊन त्याला निघून जाण्यास विनविते. लोकांनीं त्याला आनंदानें घरांत बोलाविलें असतें, पण धीर कोणास होईना. हें सांगतांना कवीनें 'बोलाविणें' या अर्थाच्या मूळ धातूनंतर 'त्याला' या अर्थाचा 'ले' ठेविला आहे, आणि 'ईएन' हें शेपूट त्याच्याही मागें. बोलावणें एकीकडे, 'असतें' दुसरीकडे, आणि मध्यें तो बिचारा दाराबाहेरचा सिद!

१४९२ मध्यें सालामांका येथें छापलेल्या आपल्या कॅस्टिलियन व्याकरणांत आन्तोनिओ दे नेब्रिखा यानें हीं रूपें दोन शब्दांच्या जोडणीनें होतात हें ओळखलें होतें. पुढें सांधा मिटला. मोजक्या धातूंत मधला स्वरही गळाला : 'तेनेर' याचें 'तेन्द्रीआ' झालें, न आणि र यांच्यामध्यें द घुसला.

या रूपाला नांव काय द्यावें, यावर पंडितांचें एकमत लवकर होईना. व्हेनेझुएलांत जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो यानें १८४७ मध्यें चिलींत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणांत त्याला 'भूतानंतरचा काळ' ठरविलें. कारण 'तो येईल असें ती म्हणाली' यांतील 'येईल' हेंही स्पॅनिशमध्यें याच रूपानें सांगतात. स्पेनच्या अकादमीनें १९१७ मध्यें त्याचा स्वतंत्र 'शक्यार्थ' केला, आणि १९७३ मध्यें तो मोडून त्याला निश्चयार्थांत आणून बसविलें. मूळ जोडणी भूतकाळाची होती हें ध्यानीं घेतां बेल्योचें म्हणणेंच अधिक पटतें.

पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्या ग्रांथिक लेखनांत ती जुनी फट अद्यापि बुजलेली नाहीं. 'त्याला देतों' या संकेतार्थीं 'दार' आणि 'ईआ' यांच्यामध्यें 'त्याला' या अर्थाचें सर्वनाम येऊन बसतें. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीं असलेल्या गोव्यांत ज्यांना ती भाषा शुद्ध लिहावयाची असे, त्यांना हें दुभंगलेलें क्रियापद जुळवितां यावें लागे.