एका कुळाचे दोन वर्ग

सोलापुरात पद्मशाली विणकर आले ते तेलंगणातून. तिकडे दुष्काळ आणि हातमागाचं घटलेलं गिऱ्हाईक, इकडे 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचं हाताशी मिळणारं सूत. भवानी पेठेत, साखर पेठेत घराघरात माग बसले. नवरा विणायचा, बायको कांड्या भरायची, पोरं हाताखाली. सगळ्यांचा मूळपुरुष मार्कंडेय ऋषी, घरची बोली तेलुगू, सोयरिकी आपसातच.

सूत उधारीवर यायचं. लुगडं विकलं जाईपर्यंत ज्याला दम धरता आला तो टिकला. ज्याला नाही, त्याने माल पडेल भावात सावकाराच्या हवाली केला आणि शेवटी दुसऱ्याच्या मागावर जाऊन बसला. कारखानदार घडला तो असा, त्याच जातीतून, कधी भावकीतूनही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका छपराखाली अनेक माग आले. गावाकडून आलेला विणकर त्या मागांच्या मधल्या जागेतच जेवायचा, झोपायचा. लग्नाला, दुखण्याला घेतलेली उचल मजुरीतून वळती व्हायची आणि ती फिटेपर्यंत मालक बदलायची सोय नव्हती.

उत्पादनाची साधनं कोणाच्या हातात, यावरून मार्क्सने वर्ग ठरवला. माक्स वेबरने वर्ग आणि दर्जा वेगळे काढले: वर्ग बाजारातल्या ताकदीचा, दर्जा समाजातल्या मानाचा. भवानी पेठ समजून घ्यायला मला वेबर जास्त उपयोगी वाटतो, कारण इथे दर्जा एक आणि वर्ग दोन. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तेव्हा मालक आणि मजूर दोघेही त्याच ऋषीचे वंशज असतात. पण या एकपणाचं ओझं मजुरावरच पडतं. आपल्याच माणसाकडे दर वाढवून मागायला जीभ रेटत नाही. दर दाबताना मालकाला जात आड येत नाही. तरीही याच विणकरांनी लाल बावटा खांद्यावर घेतला, याचं मोल फार मोठं आहे.

पुढे यंत्रमाग आले. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की 1948 चा कारखाना कायदा लागू व्हायचा. म्हणून एकाच वाड्यातले माग भाऊ, बायको, मुलगा अशा नावांवर वाटले गेले. कांड्या भरणारी बाई घरी विडी वळू लागली. तेंदूच्या पानाचा कात्रीने कापलेला तुकडा, चिमूटभर तंबाखू, वर दोरा. मजुरी हजार विड्यांवर, आणि तपासणीत नाकारलेल्या विड्या तिच्याच माथी. 1966 च्या विडी कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं. नावानावांवर वाटलेल्या मागांवर राबणारा तिचा नवरा मात्र कारखाना कायद्याच्या आकड्यात बसतच नव्हता.