डॉ. कोटणीस की अमर कहानी

डॉ. कोटणीस की अमर कहानी हा व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला, १९४६ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अँड वन डिड नॉट कम बॅक' (१९४४) या इंग्रजी पुस्तकावर तो आधारलेला असून, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–१९४२) यांनी चीन-जपान युद्धात केलेली रुग्णसेवा हा त्याचा विषय आहे.

पुस्तक

१९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे ते पाच जण. चौघे परतले; कोटणीस राहिले. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले आणि त्याच वर्षी त्यांनी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला, तेव्हा मुलगा यिन्हुआ साडेतीन महिन्यांचा होता. या नावातील 'यिन' म्हणजे भारत व 'हुआ' म्हणजे चीन. बसू यांनी परतल्यावर सांगितलेली हकिकत अब्बास यांच्या पुस्तकाला उपयोगी पडली.

चित्रपट

पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची, संगीत वसंत देसाई यांचे, तर निर्मिती राजकमल कलामंदिराची होती. नायकाची भूमिका स्वतः शांताराम यांनी आणि चिंगलानची भूमिका जयश्री यांनी केली. चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली. महायुद्धाच्या त्या काळात कच्ची फिल्म परवान्यावर मिळत असे आणि काळाबाजारात कमावलेला पैसा मुंबईच्या चित्रपटधंद्यात खेळू लागला होता. युद्धाने अनेकांना धनवान केले, त्याच वेळी युद्धात सर्वस्व वेचणाऱ्या माणसाची कथा पडद्यावर आली, हे या निर्मितीचे वेगळेपण होय.

मात्र चरित्र म्हणून हा चित्रपट सावधपणेच पाहावा लागतो. प्लेगच्या साथीशी नायकाने दिलेल्या झुंजीला त्यात मोठे स्थान आहे. प्रत्यक्षात कोटणीसांचे मुख्य काम युद्धातील जखमींवरील शस्त्रक्रियांचे होते आणि अतिश्रमाने त्यांचा आजार बळावला. अखेरीस चिंगलान बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते व नायकाने वर्णन केलेले घर तिला तसेच आढळते. हा प्रसंग सर्वांत परिणामकारक आहे आणि तोच सर्वस्वी कल्पित आहे. 'एक जण परतला नाही' असे सांगणाऱ्या पुस्तकातील उणीव जणू पडद्याने भरून काढली.

क्वो चिंगलान प्रत्यक्षात १९५८ साली प्रथम भारतात आल्या. यिन्हुआ यांचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण होण्याआधीच १९६७ मध्ये निधन झाले. सोलापुरातील भय्या चौकातील कोटणीसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. त्यांच्या पत्नीचे निधन २०१२ मध्ये चीनमधील दालियान येथे झाले.